लेकीचा नाताळ, लेकीची चवथ

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी डिसेंबर उजाडला की गोव्यात, माझ्या माहेरच्या म्हार्दोळच्या बाजारात कुणी ना कुणी मला थांबवून विचारतंच, "काय गे, नाताळाक थंयच वतली?" थंय म्हणजे तिथे, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत, वेर्ण्याजवळच्या गावात, माझ्या ख्रिस्ती सासरी. विचारणारी बाई मायेची असते. तिच्या आवाजात काळजी असते आणि थोडी कीवही, पोर बिचारी परक्या सणात अडकली अशी. मी "होय" म्हणून पुढे जाते. यंदा मात्र सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं, कारण हा प्रश्न चुकीच्या मुलीला विचारला जातो, असं माझं मत झालं आहे.

तो माझ्या थोरल्या बहिणीला विचारायला हवा. तिचं लग्न पेडण्यात झालं, जात, गोत्र, पत्रिका सगळं बघून. गेल्या तेरा वर्षांत तिने माहेरची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना पाहिलेली नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवशी ती सासरच्या चुलीपुढे असते. आमचा गणपती पाच दिवसांचा, म्हणून चौथ्या दिवशी दुपारी येते, पाहुणीसारखी पानावर बसते, आणि दिवेलागणीच्या आत परत जाते. आणि मी, जिने घरच्यांना रडवून ख्रिस्ती घरात लग्न केलं, ती मी नऊपैकी आठ चवथी आईकडे होते. एक चुकली ती बाळंतपणामुळे. माझ्या नणंदेची गोष्ट ताईसारखीच. ती उत्तर गोव्यात, बार्देशातल्या ख्रिस्ती घरात दिली. चोवीस तारखेच्या रात्री ती सासरच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये असते, आणि आईकडे येते ती सव्वीसला, हातात कुसवादाचं, नाताळाच्या गोडाचं ताट घेऊन.

म्हणजे आम्ही तिघी. त्यातल्या जिने धर्माबाहेर लग्न केलं, तिलाच दोन्ही घरांचा सण अख्खा मिळतो. हे काही माझं कर्तृत्व म्हणून सांगत नाही. चवथ भाद्रपदात येते, नाताळ पंचवीस डिसेंबरला, त्यामुळे माझ्या दोन घरांचे सण एकमेकांच्या आड येत नाहीत. ताईच्या दोन्ही घरी गणपती एकाच दिवशी येतो, नणंदेच्या दोन्ही घरी येशू एकाच रात्री जन्मतो. आणि कुठल्या घरी जायचं हे दर वर्षी बसून ठरवावं लागत नाही, कारण ते कधीच ठरून गेलेलं आहे. मुलगी तिकडे.

गोव्यात या विषयावर बोलायला लागलं की लोक लगेच धर्मावर येतात. २०११च्या जनगणनेत इथे सुमारे ६६ टक्के हिंदू आणि २५ टक्के ख्रिस्ती नोंदले गेले. एका आवाराला लागून दुसरं आवार, त्यामुळे अशी लग्नं होणारच. मग कुणी सलोख्याचे दाखले देतं. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी, सायबिणीच्या फेस्ताला हिंदू रांगा लावतात. फातर्प्याच्या शांतादुर्गेच्या छत्र्या कुंकळ्ळीला जायला निघतात त्यात ख्रिस्ती गांवकारही असतात. नाताळानंतर शिवोलीत जागर होतो तो दोघांचा. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण जत्रा संपली की प्रत्येक जण आपल्या घरी जातो. शेजाऱ्याला नाताळात ताट पाठवणं, चवथीला नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट परत येणं, यात दोन्ही घरांचे उंबरठे जागच्या जागी राहतात. लग्नात एका माणसाला उंबरठा ओलांडून आत राहायचं असतं. तिथे ताटाची देवघेव पुरत नाही.

पहिल्या वर्षी मी पंचवीस तारखेला दुपारी बाराला गेले, रेशमी साडी नेसून. जेवले, सगळ्यांना हॅपी ख्रिसमस म्हटलं, संध्याकाळी फोंड्याच्या फ्लॅटवर परत. सासूबाईंना मी मांय म्हणते. मांय काही बोलली नाही, पण तिने मला बाल्कांवात, पुढच्या ओसरीत बसवलं, जिथे पाहुणे बसतात. ते मला लागलं, आणि ते बरोबरच होतं. मी पाहुणी म्हणून गेले होते.

दुसऱ्या वर्षापासून मी वीस तारखेला जाते. दोदोल हे नाताळाचं गोड काय असतं हे खाऊन कळत नाही, ढवळून कळतं. नारळाचा रस, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, आणि चुलीवर तांब्याचं मोठं भांडं. दोन-तीन तास हात थांबवायचा नाही, थांबला की तळाला धरतं. मनगट भरून येतं तेव्हा पुढची बाई न बोलता उलथनं हातातून घेते. त्या वर्षी तिसऱ्यांदा माझी पाळी आली तेव्हा मांय शेजारी उभी राहून तिच्या सासूबद्दल बोलायला लागली. लग्नानंतर दीड वर्षाने मी त्या घरात आले, असं मी धरते.

नेवऱ्यांवरून मात्र आमचा वाद झाला. नाव तेच, दोन्ही घरी नेवरी. आई चवथीला करते तेव्हा कडेला बोटांनी मुरड घालते, बारीक, वेणीसारखी. मांय कातणाने कड कापते आणि काट्याने दाबते. मी मुरड घातली तर म्हणाली, "इतलो वेळ खंय आसा?" आणि मग दहा नेवऱ्या झाल्यावर स्वतःच विचारलं, कशी करतेस ती. आता ताटात दोन्ही असतात. त्या घरातल्या एका म्हाताऱ्या आत्याने सांगितलं की तिची आजी अशीच मुरड घालायची. खरं असेलही. ही दोन घरं कधीतरी एकच असणार, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही.

इथेच माझ्या आईच्या मामांचा आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. आमची कुलदेवी म्हाळसा. ती मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा लोकांनी मूर्ती झुआरी नदी ओलांडून म्हार्दोळला आणली, कारण तेव्हा फोंडा पोर्तुगिजांकडे नव्हता. मामा मला म्हणाले, "देवीला जिथून पळवून आणावं लागलं, तिथे तू नांदायला गेलीस." या वाक्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. आणि ते विसरा असं मी त्यांना कधीही म्हणणार नाही. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात १५६० मध्ये आलं आणि कायमचं गेलं ते १८१२ मध्ये. एवढा काळ ज्या घरांनी सोसला, त्यांच्या वंशजांना "जुनं उगाळू नका" म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.

पण नंतर मी त्या काळाबद्दल वाचत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. १७३६ साली इन्क्विझिशनने जो मोठा मनाई हुकूम काढला, त्यात तुळस लावायला बंदी होती, हिंदूंसारखा अळणी भात शिजवायला बंदी होती, लग्नातल्या जुन्या चालींना बंदी होती. हा हुकूम होता बाप्तिस्मा झालेल्या लोकांसाठी. म्हणजे दोन-दोन शतकं ख्रिस्ती असलेली घरंही गुपचूप तुळस लावत होती आणि भातात मीठ घालत नव्हती, आणि त्यासाठी त्यांच्यावर पाळत होती. मांयच्या घराण्यातल्या कुणा बाईने तेव्हा हा भात शिजवताना दाराकडे कान लावले असतील. मामांचं दुःख आणि माझं सासर ही दोन विरुद्ध टोकं आहेत असं मला आता वाटत नाही. देवी घेऊन नदी ओलांडलेले आणि मागे राहिलेले, दोघांवरही तो घाव आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या घरात कुणी मला कधी धर्म बदल म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी नाताळाला गेले नसते, आणि ज्या मुलीला वा मुलाला असं म्हटलं जातं तिने वा त्याने जाऊ नये असंच मी सांगेन. सण हे दडपण आणायचं साधन झालं की तिथे पाय ठेवू नये. हे दोन्ही धर्मांच्या घरांना लागू आहे. ख्रिस्ती सुनेला कुंकू लावल्याशिवाय माटोळीखाली येऊ न देणारी घरंही मी पाहिली आहेत.

चोवीसच्या रात्री आम्ही मिसाला, म्हणजे इगर्जीतल्या प्रार्थनेला जातो. जुनी माणसं त्याला अजून कोंब्याचं मीस म्हणतात. मीस कोंकणीत असतं, त्यामुळे मला सगळं कळतं. कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची वेळ झाली की बाकावरचे सगळे उठून रांगेत जातात आणि मी बसून राहते. सुरुवातीला फार अवघड वाटायचं, अख्खी इगर्ज माझ्याकडे बघते आहे असं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून उठावं का, असाही विचार मनात आला होता. बरं झालं, उठले नाही. ज्यांच्यासाठी तो ख्रिस्ताचा देह आहे, त्यांच्यासमोर मी तो केवळ शिष्टाचार म्हणून हातात घेणं हा त्यांच्या श्रद्धेचा अपमान झाला असता, आणि माझ्याही. चवथीला माझे सासरे आमच्या घरी येतात. आरतीला हात जोडून उभे राहतात, आरती म्हणत नाहीत, तीर्थ घेत नाहीत. आई नैवेद्याचं पान वेगळं ठेवते आणि त्यातलं काही त्यांच्या ताटात मिसळू नये याची काळजी घेते. भाज्यांचं खतखतं मात्र ते दोनदा मागून घेतात. एकमेकांच्या मर्यादा पाठ असणं, हे मला सगळे देव सारखेच म्हणून सोडून देण्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

ख्रिस्ती बाजूचा आक्षेपही आहे, आणि तो जास्त खोल आहे. श्रद्धा म्हणजे बेबिंकचं गोड आणि नखेत्रं, म्हणजे ताऱ्यांचे कंदील नव्हेत, असं तिकडची विचार करणारी माणसं म्हणतात. बरोबर आहे. कॅथॉलिक माणूस बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करतो तेव्हा त्याला बिशपांची सवलत लागते, आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथॉलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करीन, असं वचन द्यावं लागतं. दुसऱ्या बाजूला त्या वचनाची कल्पना द्यावी लागते. आम्हाला पाद्रींनी ते समोर बसवून समजावलं. माझ्या नवऱ्याने वचन दिलं, मी ते ऐकून होकार दिला. मुलीचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी माझे बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, नातीला मांडीवर घेतलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हा व्यवहार बरोबरीचा नव्हता, हे मी मान्य करते. माझ्या बाजूचं काही तिथे गेलं, आणि ती मुलगी आज आजोबांच्या खांद्यावर बसून माटोळीला कवंडळांची फळं बांधते म्हणून ते भरून निघालं असं मी म्हणणार नाही. अशा लग्नाचा विचार करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे बोलणं लग्नाआधी करा, दोन्ही घरच्यांना समोर बसवून. नाताळाच्या जेवणाच्या टेबलावर ते निघालं तर ते टेबल पुन्हा सरळ होत नाही.

माझे बाबा मराठीचे शिक्षक होते. तिसऱ्या वर्षीच्या नाताळाला ते पहिल्यांदा माझ्या सासरी राहायला आले तेव्हा पिशवीत फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण होतं. १६१६ मध्ये सासष्टीतच पहिल्यांदा छापलेलं, ओवीतलं मराठी. बाबांनी त्यातला येशूजन्माचा भाग नाताळाच्या देखाव्यातल्या गोठ्याजवळ बसून वाचला. सासऱ्यांना निम्मे शब्द कळले, निम्मे बाबांनी कोंकणीत सांगितले. आपल्या मराठी घरांमध्ये नाताळ म्हणजे इंग्रजीतला सण असा समज आहे, त्याला आपलं असं काही नाही असा. चारशे वर्षांपूर्वी याच मातीत तो ओवीत आला होता. बाबा बाप्तिस्म्याला आले नव्हते, तरी आपली भाषा घेऊन ते त्या घरात आले, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

आता पुन्हा तिघींकडे येते.

गोव्यात लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारपुढे नोंदणी, आमची तर दोन वेळा सह्या करून झाली. पोर्तुगालचा १८६७चा दिवाणी कायदा १८७०पासून इथे लागू झाला आणि १९६१ला गोवा मुक्त झाल्यावरही कौटुंबिक बाबतीत चालू राहिला. वेगळा करार केला नसेल तर त्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा धरला जातो. इतर राज्यांतल्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्यांना हेवा वाटतो. ताईचाही तसाच अर्धा हिस्सा आहे, नणंदेचाही. सासरच्या माणसांनी तो कागदावर मान्य केलेला आहे. मग अर्ध्या चवथी? अर्धे नाताळ? तिथे कुणी हिशोब मांडत नाही.

आणि हे केवळ देवापुरतं नाही. चवथीला आमच्या मूळ घरी मुंबई-पुण्याची सगळी भावंडं येतात, वर्षातून तेवढीच. नाताळाला मांयचं घर भरतं, आखातातला दीर येतो, लंडनची जाऊ येते. दोन्ही घरांत हेच ते चार-पाच दिवस, जेव्हा लहानपणीची माणसं एका छपराखाली झोपतात. लेक ज्याला मुकते ते हे आहे. ताई मला एकदा फोनवर म्हणाली, "गणपती काय, इथेही आहे. पण तुम्ही सगळे रात्री दीड वाजेपर्यंत काय हसत असता ते मला सकाळी कळतं." त्यानंतर मी चवथीच्या रात्रीचे फोटो तिला पाठवणं बंद केलं.

लोक म्हणतील, घरची सून नसेल तर सण करायचा कुणी? या प्रश्नातच सगळं उघड होतं. सण बाईच्या अंगावर उभा आहे, दोन्ही धर्मांत सारखाच, म्हणून तिला सोडता येत नाही. माझा नवरा पहिल्या चवथीला आमच्या हॉलमध्ये जावई म्हणून बसला होता, समोर लाडवांची बशी. आईला तेवढं एक काम वाढलं. आता तो नारळ सोलतो, पंचमीच्या जेवणाला केळीची पानं कापून आणतो, मोठी पातेली घासतो. सासरी दोदोल ढवळताना दिराच्या हातातही उलथनं दिलं जातं. जावयाला मान देऊन बसवून ठेवण्याची चाल दोन्हीकडे मोडायला हवी. जावई कामाला लागला की एखाद्या वर्षी सून मोकळी होते, एवढं साधं आहे.

आमच्याकडे पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी वजें, म्हणजे भेटीच्या टोपल्या, पाठवतात, नारळ, फळं, नेवऱ्या, लाडू, माटोळीचं सामान. ख्रिस्ती लग्नातही वजें असतं, नवरीबरोबर आलेलं गोड वाड्यावर वाटलं जातं. माझ्या पहिल्या चवथीला आईने रीत म्हणून सासष्टीत वजें पाठवलं, तेव्हा मांयला त्याचं काय करावं कळेना, मग तिने लग्नातल्यासारखं ते अख्ख्या वाड्यावर वाटून टाकलं. माझं म्हणणं आहे की टोपल्या कमी करा आणि लेकीला बोलवा. एका वर्षी गणपती आणायच्या दिवशी ती सासरी, दुसऱ्या वर्षी माहेरी, नवऱ्यासकट आणि जमलं तर सासू-सासऱ्यांसकट. चोवीसची रात्र एका वर्षी या इगर्जीत, दुसऱ्या वर्षी त्या. गोव्यात अंतरं ती काय. पेडणे ते म्हार्दोळ अर्ध्या दिवसाचा प्रवास नाही.

हे मी गेल्या वर्षी मांयजवळ बोलले, दोदोल ढवळताना. ती म्हणाली, आमच्यात अशी चाल ना. मग दोन दिवसांनी स्वतःच विचारलं की बार्देशच्या विहिणीला फोन कोणी करायचा. तो तिनेच केला, पाव तास बोलत होती, बराच वेळ फक्त पलीकडचं ऐकत होती. ताईच्या सासूबाईंना मी चवथीनंतर विचारलं, त्यांनी "बघूया" म्हटलं आहे. तेरा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलेलं नाही.

यंदा चोवीसला नणंद नवऱ्या-मुलांसकट मांयकडे येते आहे, आणि तिचे सासू-सासरेही मिसानंतर जेवायला थांबणार आहेत. मांयने वरच्या खोलीतल्या गाद्या उन्हात घातल्यात. मला म्हणाली, तुझ्या बाबांना सांग येताना दोन चादरी आणायला, आमच्या पुरायच्या नाहीत.